डोहाकाठची शाळा

फार मागे एका डोहाकाठी म्हातारे कासवगुरुजी पाणमांजरांच्या पिल्लांना बुडी मारायला आणि मासे धरायला शिकवत. चंद्री पाणमांजरीचा लेक झुंजार त्यांत सगळ्यांत हुशार होता. पण पलीकडच्या खडकावर दांडग्या तरुणांची टोळी होती. ती दुसऱ्यांचे मासे हिसकावून खाई आणि सगळे तिला वचकून असत. झुंजारला तो वचक आवडला आणि तो टोळीत गेला.

चंद्री रोज खडकापाशी जाऊन हाक मारी, "घरी चल रे बाळा." झुंजार तोंड फिरवी आणि बाकीचे हसत.

एके दिवशी टोळीने शाळेवरच धाड घातली. झटापटीत शेजारच्या भागीच्या पिल्लाचा पाय मोडला. त्याचं रडणं ऐकून झुंजार घाबरला आणि घरी पळून आला. दुसऱ्या दिवसापासून कुणीच पिल्लांना शाळेत धाडेना.

चंद्री लेकाला घेऊन डोहाकाठी गेली. गुरुजी एकटेच बसले होते.

"याला परत घ्या, गुरुजी."

"घेतो गं," गुरुजी थकल्या आवाजात म्हणाले. "पण हा दिसला की बाकीची येणार नाहीत. एकट्याला घेऊन शाळा कशी चालवू?"

चंद्री लेकाकडे वळून म्हणाली, "चल, आधी भागीच्या दारात जाऊ. ती बोलेल ते मान खाली घालून ऐक. मग पुढच्या दारात."

"किती दारं आहेत, आई?"

"सगळीच," चंद्री म्हणाली आणि चालू लागली.