तीन दारांआडची सवत

एका राज्यात कड्याच्या टोकावर काळ्या दगडाचा राजवाडा होता. तिथला राजा पद्मध्वज देखणा, बोलायला गोड. पण नवी राणी इरावती हिच्या मनात पाल चुकचुकत होती. राजा रोज अर्ध्या जेवणावरून उठे, उरलेलं ताट झाकून उत्तर बुरुजात नेई. आतून बाईचं गुणगुणणं ऐकू येई. राजा परते, तेव्हा अंगरख्यावर लांब केस असत.

"कोण राहतं तिथे?"

"विचारू नये, राणी. सांगितलं तर अनर्थ होईल."

पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली, "सवत, राणीसाहेब! दुसरं काय?"

इरावतीने मेणा सांगून ठेवला. शुक्रवारच्या व्रताचं उद्यापन केलं की माहेर! दुपारी तिने सगळ्यांना हळदीकुंकू दिलं, मेण्यात पाऊल ठेवलं आणि थबकली. घरातली एक बाई राहिली की!

"सवतीला कुंकू?" साळुंकी किंचाळली.

"घरातली एकही बाई वगळणार नाही, असं देवीला बोलले होते. सवत सोडून, असं नव्हते बोलले."

तबक घेऊन ती बुरुज चढली. काट्यांच्या दाराने विचारलं, "काय आणलंस?"

"हळद."

धुराच्या दाराने विचारलं, "आणखी?"

"कुंकू."

लोखंडी दार गुरगुरलं, "कोणासाठी?"

"आत जी असेल तिच्यासाठी."

दार उघडलं. आत घुबडाच्या तोंडाची, पायघोळ केसांची बाई बसली होती. तरी इरावतीने डोळे मिटून कुंकू टेकवलं. पिसं गळाली. समोर राजाचंच नाक असलेली म्हातारी!

"सूनबाई, केवढा उशीर केलास गं!" सासूबाई रडत हसल्या. "एक विधवा चेटकीण हळदीकुंकवाला आली होती. मी तिला दारातून परतवलं. तिने शापलं, 'तू कोण हे न विचारता कुणी कुंकू लावील, तेव्हाच सुटशील. कुणी हे बाहेर सांगितलं, तर जन्माची अडकशील.' पुढे मीही विधवा झाले. मला कोण लावणार होतं? लेक तेवढा जेवू घालायचा, वेणी घालायचा."

राजा धापा टाकत आला. "मेणा परत पाठवू?"

"पाठवा. आणि आज पोटभर जेवा."

"सासू!" साळुंकी पुटपुटली. "त्यापेक्षा सवत परवडली असती."

पुढल्या शुक्रवारी पहिलं बोलावणं चेटकिणीला गेलं. ती आली, कुंकू लावून घेतलं, डोळे पुसत जेवली. इरावतीच्या मनातला संशय जसा फिटला, तसा ऐकणारीच्याही मनातला फिटो.