सहाशे वारांपलीकडचा गवा

"मग आबा, गोळी जड घेऊ की हलकी?"

उदाजीने हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला. सिदूआबा झोरे अंगणात म्हशीचं दावं वळत बसले होते. तिसऱ्यांदाही त्यांनी दाव्यालाच पीळ दिला.

उदाजी म्हणजे माणगावच्या इनामदारांचा धाकटा मुलगा, फौजेत कॅप्टन. सहाशे वारांवरच्या नेमबाजीत त्याने लागोपाठ दोन वर्षं चषक मारला होता. असा माणूस रजेवर आला की त्याला घरात करमत नाही, आणि त्याच्या हातात दुर्बिणीची रायफल असली की जंगलाला करमत नाही.

आबा धनगर. पंचाहत्तरी उलटलेली, एक गुडघा कामातून गेलेला. एके काळी जनावराचा माग काढावा तर सिदू झोऱ्यानेच, असं सगळा घाटमाथा म्हणायचा. दहा वर्षांचा उदाजी तीन सुट्ट्या त्यांच्यामागे हिंडला होता, तोही रिकाम्या हाताने. बंदूक शिकवणारे त्याला पुढे पुष्कळ भेटले. पायाखाली बघायला शिकवणारे आबा एकटेच.

उदाजीने खिशातून दोन गोळ्या काढल्या आणि घोंगडीवर आबांच्या पुढ्यात ठेवल्या.

दोन्ही एकाच वजनाच्या, लांबोड्या, भारी. आत शिसं, वर तांब्याचं कवच, टोक मऊ. भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून त्याने त्यांवर त्या झाडल्या होत्या आणि गठ्ठे उसकटून परत मिळवल्या होत्या. पहिली शंभर वारांवरून मारलेली. तिचं टोक उमलून कवचाच्या चार पाकळ्या मागे वळल्या होत्या. दुसरी सहाशे वारांवरून मारलेली. ती जशीच्या तशी होती, नुसती खरचटलेली.

शिकारी लोक त्याला गोळी फुलणं म्हणतात. फुललेली गोळी जनावराला जागच्या जागी बसवते. न फुललेली आरपार जाते, आणि भोक एवढंसं पडतं.

उदाजी मग रंगात आला. जड गोळी वाऱ्याला दाद देत नाही, लांबवर आपली रेघ सोडत नाही. पण तिथे पोचेपर्यंत तिचा जोर इतका उतरतो, की ती फुलत नाही. हलकी गोळी जोरात सुटते, जवळ छान फुलते, पण लांबवर वारा तिला हवी तिकडे नेतो. आता फौजेतला एक मित्र आणखी मऊ टोकाच्या गोळ्या मिळवून देणार होता. त्या घ्याव्यात का, असं त्याला विचारायचं होतं.

आबांनी फुललेली गोळी उचलली नाही. दुसरी उचलली, बोटांत फिरवली आणि खाली ठेवली.

"ह्यो कागदाचा उद्योग कवा केला?"

"काल, परवा. दोन दिवस लागले."

"आनि का केला?"

…

सांगणं भाग होतं. उदाजीने सांगितलं, पण पायरी पायरीने, जसं लहान मूल फुटलेल्या बरणीबद्दल सांगतं.

चार दिवसांपूर्वी तो दरीच्या अलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळमाथ्यावर, बसला होता. परवाना खिशात होता, त्यात काही वाकडं नव्हतं. उन्हं कलली तेव्हा दरीपलीकडच्या सड्यावर गवा आला. एकटा, जुना नर, काळाभोर. अंतर सहाशे वार. उदाजीने वारा पाहिला, गोळी किती खाली उतरते त्याचं कोष्टक पाहिलं, श्वास धरला आणि चाप ओढला. गव्याने मान वर केली. मग चार पावलं टाकत कारवीच्या झुडपांत शिरला. पडला नाही, उधळलासुद्धा नाही.

"चुकली असणार," उदाजी म्हणाला. "लागली असती तर काहीतरी केलंच असतं त्यानं."

"चरत हुता का उभा हुता?"

"चरत होता."

"म्हंजे चालत हुता." आबांनी दाव्याचा पीळ अंगठ्याखाली धरला. "धाकलं सरकार… आवाज आला हुता?"

"कसला?"

"गोळी बसल्याचा."

आवाज आला होता. बार झाल्यावर जरा वेळाने, ओल्या घोंगडीवर काठी मारावी तसा. चार दिवस तो स्वतःला समजावत होता की तो दरीत घुमलेला बारच होता. खरं सांगायचं तर गोळ्यांचं वजन विचारायला तो आलाच नव्हता. आबांनी एकदा 'घुमारा असंल' म्हणावं, एवढ्यासाठी तो दोन डोंगर चढून आला होता.

"घुमारा असेल ना, आबा?"

आबांनी दावं बाजूला ठेवलं.

"खुराला हात लावला?"

हा आबांच्या हाताखाली शिकलेल्यांचा नेम होता. बार झाला, की लागला असो वा चुकला असो, जनावर जिथे उभं होतं तिथपर्यंत जायचं. त्याच्या खुराच्या ठशावर तळहात टेकायचा. तोवर पाणीसुद्धा प्यायचं नाही. दहा वर्षांच्या उदाजीला हा नेम आपल्या नावासारखा पाठ होता.

"मधे दरी होती, आबा. उतरायला दीड तास, चढायला दोन. अंधार पडला असता. खाली जीप थांबली होती."

"आनि दुसऱ्या दिशी?"

…

आबा उठले. दावं कुडाला अडकवलं, काठी घेतली. उदाजी म्हणाला, तुमचा गुडघा, आबा, कशाला? आबा अंगणाबाहेर पडलेसुद्धा होते.

दरी उतरताना म्हातारा तीनदा बसला. तिन्ही वेळा उदाजीने पाण्याची बाटली पुढे केली आणि तिन्ही वेळा आबांनी ती नुसती बाजूला सारली. मग उदाजीलाही ती तोंडाला लावता येईना. तहान लागली होती, पण लाज त्याहून जास्त वाटत होती.

पलीकडच्या सड्यावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं.

जांभ्याच्या कातळावर माग तो काय उरणार? पण कातळ संपून माती लागते तिथे, वाळलेल्या गवताच्या कडेला, एक खूर उमटला होता. चांगला ताटलीएवढा. आबा त्याच्यापाशी थांबले आणि काठीने दाखवलं.

"हात लाव."

'सरकार' मागे कुठेतरी गळून पडलं होतं. उदाजी गुडघ्यावर बसला आणि त्याने ठशात हात टेकला. माती तापलेली होती. बोटांशी दोनचार काळे केस लागले, मुळापासून नव्हे, मधेच कापलेले. शेजारच्या गवताच्या पात्यावर काहीतरी हिरवट वाळून बसलं होतं. रक्त नव्हतंच.

उदाजीला ते कळायला आबांची गरज नव्हती. गोळीला सहाशे वार जायला जवळजवळ एक सेकंद लागतो. तेवढ्यात चरणाऱ्या गव्याने एक पाऊल पुढे टाकलं होतं. छातीवर धरलेली गोळी पोटात गेली होती. फुलली असती तर निदान माग तरी राहिला असता.

"आबा, मला वाटलं…"

आबा कारवीत शिरले होते.

पुढचा माग त्यांनी कसा काढला, ते उदाजीला नीट सांगता आलं नसतं. मोडलेली कारवी, अर्धवट खाऊन टाकलेला पाला, शेण. शंभरएक पावलांवर दडपलेलं गवत. "हितं बसला," आबा म्हणाले. मग उतारावर, पन्नास पावलांवर, आणखी एक. "उठला… हितं परत बसला." बसल्या जागांमधलं अंतर कमी कमी होत गेलं. शेवटच्या दोन तर दहा पावलांवर होत्या. तिथे शिंगांनी माती उकरलेली होती, आणि उदाजीला ती उकर पाहवेना.

खाली जांभळीच्या झाडाखाली झरा होता. गवा तिथेच पडला होता, तोंड पाण्याकडे. पाण्यापासून हातभर अलीकडे.

उदाजी लांबच उभा राहिला. आबा जवळ गेले, त्यांनी गव्याच्या कपाळाला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला. मग खाली बसून हाताची मागची बाजू गव्याच्या बगलेत घातली, आणि तशीच ठेवली… बराच वेळ.

"आंग ऊन हाय अजून," ते म्हणाले. "आज सकाळी गेलाय."

उदाजीने दिवस मागे मोजले. आज सकाळी. म्हणजे आपण अंगणात बसून वजनं सांगत होतो तेव्हा. काल होता. परवा होता. परवा आपण परसात वर्तमानपत्रं भिजवत होतो, आईने चहा पाठवला होता, आणि हा इथे पाण्याकडे तोंड करून पडला होता. काल जरी आलो असतो तरी एक गोळी घालून याला सोडवता आलं असतं. दोन दिवस त्याने कागदात शोधलं ते इथे, चार तासांच्या वाटेवर, श्वास घेत होतं.

तो पुढे झाला. गव्याच्या कुशीवर भोक होतं, करंगळीसुद्धा जाणार नाही एवढं. पलीकडे तेवढंच. चामडी परत मिटून आली होती. त्यातून काय सांडणार आणि माग काय लागणार?

त्याला रडू आलं. कॅप्टन असला तरी आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

आबा झऱ्याशी वाकले. ओंजळ भरली. उदाजीला वाटलं, आता पितील. त्यांनी ती ओंजळ नेऊन गव्याच्या तोंडावर सोडली आणि परत भरायला गेले. तीनदा तसं केलं. मग ओल्या हाताने उदाजीला पाण्याकडे खूण केली.

उदाजी प्यायला नाही.

"गोळीच दगा देऊन गेली, आबा," तो म्हणाला. हे खरं नाही, हे बोलता बोलता त्याला ठाऊक होतं, पण माणसाला काहीतरी धरायला लागतं. "भारी होती. इतक्या लांबून ती फुलणारच नव्हती. गोळीच वाईट."

आबांनी धोतराला हात पुसले. गव्याकडे पाहिलं, मग वर, दरीपलीकडे, जिथे चार दिवसांपूर्वी उदाजी बसला होता तो सडा उन्हात पांढरा दिसत होता…

"गोळीला नावं नगं ठेवू, उदाजी. ती हितवर आली."