पुळणी जागा बदलतात तेव्हा

ऐका हं. दूर तिकडे भूमध्य समुद्रात एक होतं बेट. त्याचा किनारा असा वळणावळणाचा, बरं का, की एक कडा ओलांडला की खाली इवलीशी पुळण, पुढचा ओलांडला की दुसरी. त्या बेटावर कोझमा पाव भाजायचा. त्याची बायको इरिनी रोज समुद्रावर जाऊन खडकांच्या खळग्यांत साचलेलं मीठ गोळा करून आणायची. एवढी वर्षं झाली, पण कोझमा कधी समुद्रावर गेला नव्हता. तो बरा नि त्याची भट्टी बरी.

एक दिवस इरिनी मीठ आणायला गेली, ती परत आलीच नाही. दुपार टळली. वारा सुटला. मग मात्र कोझमानं भट्टी तशीच सोडली. तसाच पिठाच्या हातांनी तो निघाला. पण जायचं कुठल्या पुळणीवर? ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

मग तो पहिल्या पुळणीवर उतरला. तिथे पांढरे गोटे. इरिनी नाही. मग दुसरीवर गेला. तिथे तांबडी वाळू. इरिनी नाही. मग तिसरी. तिथे गुहा, गुहेत निळंशार पाणी. तिथेही नाही. म्हणून तो मागे फिरला, कडा ओलांडला आणि बघतो तर काय, तांबड्या वाळूच्या जागी पांढरे गोटे. त्याला वाटलं, आपणच चुकलो. पुन्हा पुढे गेला, तर गुहेच्या जागी तांबडी वाळू. आता चालतंय कोण, आपण की किनारा? त्याला काही कळेना. डोकं गरगरायला लागलं. शेवटी तो वाळूत मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तेव्हा पुळण बोलली. हो, पुळणच.

"तिला नेऊ नकोस," ती म्हणाली. "ती रोज आमच्याशी गप्पा मारते. आम्हाला प्रत्येकीला ती आपल्याकडे हवी, म्हणून आम्ही जागा बदलतोय. तुझ्याशी काय बोलते ती?"

"भट्टीपाशी कुठलं बोलणं होतंय?" कोझमा म्हणाला.

"तिला गाणं कुठलं आवडतं?"

"माहीत नाही."

"मग तुला माहीत तरी काय आहे?"

कोझमानं हातावरचं वाळलेलं पीठ खरवडलं. मग म्हणाला, "पहिला पाव निघाला की त्याचा करपलेला पापुद्रा ती खाते. मऊ भाग मला ठेवते. का, ते ठाऊक नाही."

हे पुळणीलाही ठाऊक नव्हतं. लाटा थबकल्या. "विचार मग तिला," पुळण म्हणाली, "आणि आम्हालाही येऊन सांग."

मग कडा हळूच बाजूला सरकला. पलीकडे इरिनी उभी. हातात मिठाची पिशवी, केस विस्कटलेले.

"अहो, तुम्ही इथे कसे? मी दिवसभर घरची वाट शोधतेय. फिरून फिरून समुद्रावरच येतेय."

कोझमानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आधी तेच विचारलं.

"मला करपलेलंच आवडतं," इरिनी म्हणाली. "इतक्या वर्षांत आज विचारताय?"

मग कोझमा पुळणीपुळणीवर जाऊन ते सांगून आला. तेव्हापासून रोज दोघं मिळून मीठ आणायला जात. प्रत्येक पुळणीवर थोडं थोडं बसत, म्हणजे कुणी रुसायला नको. मग किनाराही जागच्या जागी राहिला, आणि ती दोघं खूप वर्षं सुखात नांदली.

चला, पाय पांघरुणात घ्या. समुद्रही निजला. आता तुम्हीही निजा.