पहिला घोट कोणाचा?

ज्या काळी वाघसुद्धा आमंत्रणाशिवाय कुणाकडे जेवायला जात नसे, त्या काळची ही गोष्ट.

अस्वलाने वाघोबाला जेवायला बोलावलं होतं. वाढायला साळोबा नावाचं साळिंदर होतं. साळोबाने पाठीवरच्या काट्याने जांभळाच्या वाईनचं बूच उपसलं, हुंगलं आणि नाक मुरडलं. मग त्याने रीतीप्रमाणे घोटभर वाईन आधी मालकाच्या पेल्यात ओतली.

"अक्कल आहे का तुला?" अस्वल खेकसलं. "पाहुणे कोरडे आणि मी आधी पिऊ? वाघोबांना दे. आणि काठोकाठ भर, हात आखडू नकोस!"

"पण मालक, बिघडली नाही ना, हे यजमानानं आधी चाखून..."

"मला शिकवतोस?"

साळोबाने वाघाचा पेला काठोकाठ भरला. वाघाने तो एका दमात घशात ओतला आणि त्याच्या मिशा ताठ उभ्या राहिल्या. वाईन आंबून तिचा पार सिरका झाला होता.

"वा!" वाघ दात आवळून म्हणाला. "आता उरलेली सगळी तुम्ही संपवायची. माझ्यासमोर."

अस्वल डोळे पुसत एकेक घोट गिळू लागलं. पेला जरा रिकामा झाला की साळोबा अदबीने वाकून पुन्हा काठोकाठ भरायचा.

"सावकाश होऊ द्या, मालक," तो म्हणाला. "अजिबात संकोच करू नका."