शालन मेस्त्रीचं वाकडं मशीन

“एकाचा म्हणून विश्वास बसत नाही, बाबलकाका! घसा कोरडा होईस्तोवर सांगते, मशीन वाकडं कापतं. तर मलाच वेड्यात काढतात!”

शालन मेस्त्री पडवीच्या पायरीवरूनच ओरडत होती. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

बाबल मेस्त्री पाटावर बसून सुपातली ओली आमसोलं उलटीपालटी करत होते. वय ऐंशीच्या पुढे. पंचक्रोशीतल्या सुतारांनी करवत धरली ती यांच्याच हाताखाली. शालन त्यांतली शेवटची, आणि बाई म्हणून एकटीच.

“कोण काढतं वेड्यात?”

“सगळे! हे नवं मॉडेल गावात चौघांनी घेतलं. टेबलातून गोल पातं वर आलेलं, लाकूड पुढे ढकललं की काप. नंदू पांचाळ म्हणतो, लोण्यात सुरी जावी तसं चालतं. दिनू म्हणतो, फणसाला बरं, सागाला नको. पाचव्याने तर घेतलंही नाही, नुसता कागदावरचा फोटो बघितलाय. तोच सगळ्यांत मोठ्याने बोलतो!”

“आणि तू?”

“मी म्हणते, वाकडं. तर नंदू दात काढून म्हणतो, ‘शालनताय, मशीन सरळ आहे, तुमची नजर तपासून घ्या.’ माझी नजर! त्याच्या बापाचं खाटलं मी नीट करून दिलंय.”

बाबल मेस्त्रींनी सूप जरा उन्हाकडे सरकवलं.

ते काही बोलले नाहीत की शालनला जास्तच बोलावं लागे. हे पहिल्यापासूनचं.

“वाचनालयाची बारा कपाटं माझ्याकडे आहेत काका. तीन झाली. तिन्हींची दारं वर मिटतात, खाली बोट जातं. सोमवारी कमिटी बघायला येणार. दार बसलं नाही तर उरलेलं काम नंदूला. आणि एकदा ते नंदूला गेलं की पोळपाट करायलाही माझ्या दारात कुणी यायचं नाही. म्हणतील, बाईच्या हाताला काटकोन राहिला नाही.”

 

“बस,” बाबल मेस्त्री म्हणाले.

ती बसली. चपला तेव्हा काढल्या.

“लाकूड ज्या पट्टीला टेकवून ढकलतेस, ती पट्टी कुणी लावली?”

“मी! कंपनीचा माणूस लावून गेला होता. काल मिसरूड फुटलेला, तो मला काटकोन शिकवणार? तो वळणावर दिसेनासा झाला आणि मी सगळं ढिलं करून नव्याने लावलं.”

“नंदूनेही नव्याने लावलं?”

“तो कसला लावतो! आळशाचा राजा. आलं तसं चालवतो.”

“आणि दिनूने?”

“त्यानेही तसंच...”

शालन थांबली. काहीतरी डोक्यात येऊ बघत होतं, पण येत नव्हतं.

“तू कशाने लावलंस?”

या प्रश्नाचा तिला रागच आला.

“कशाने म्हणजे? तुमच्या गुण्याने!”

पिशवीतून तिने तेलकट फडक्यात गुंडाळलेला गुण्या काढला. शिसवी मूठ, पोलादी पट्टी. काटकोन तपासायचं हत्यार. सव्वीस वर्षांपूर्वी तिने स्वतःचा कारखाना मांडला, त्या दिवशी बाबल मेस्त्रींनी तो तिच्या हातावर ठेवला होता. दसऱ्याला पहिलं हळदकुंकू त्याला. कामगारांतल्या कुणाची त्याला बोट लावायची छाती नव्हती.

“जग हललं तरी हा हलायचा नाही. तुम्हीच म्हणाला होतात, ज्याचा संशय येईल त्याला हा लावून बघ.”

“म्हटलं होतं...”

ते उठले. बसायचा पाट उचलून उलटा केला आणि तिच्यापुढे सरकवला. कानावरची पेन्सिल काढून दिली. काम सोडून अकरा वर्षं झाली होती, पेन्सिल काही सुटली नव्हती.

“रेघ मार.”

तिने गुण्याची मूठ पाटाच्या कडेला टेकवली आणि रेघ मारली.

“आता पालथा कर. त्याच जागेवरून, दुसऱ्या अंगाने मार.”

शालनचा हात अडला.

ही परीक्षा तिला पाठ होती. बाजारातून नवा गुण्या आणला की सुतार हेच करतो. सुलटी रेघ, उलटी रेघ. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या ठेवायचा. फाकल्या तर दुकानदाराच्या तोंडावर मारायचा.

“ही परीक्षा बाजारच्या गुण्याची. याची कशाला?”

बाबल मेस्त्री आमसोलांवरची माशी हाकलत होते.

तिने मारली.

खाली दोन्ही रेघा एकाच ठिकाणी होत्या. वर गेल्या तशा फाकल्या. मधे तांदळाचा दाणा आडवा बसला असता.

शालन बघत राहिली.

“पाटाची कड वाकडी असेल.”

“दुसऱ्या कडेला मार.”

मारली. तिथेही फाकल्या.

“पेन्सिल हलली.”

“परत मार.”

तिने परत मारली नाही. पेन्सिल खाली ठेवली. 

“नाही... असं कसं? सव्वीस वर्षं मी यानेच काम केलं, काका! देवळाची दारं केली, निम्म्या गावाच्या खिडक्या केल्या. एक दार अडलं नाही!”

“दार बसवताना शेवटचा रंधा कोण मारायचं?”

“मीच.”

“तेव्हा गुण्याला विचारायचीस?”

“तेव्हा कुठला गुण्या... तेव्हा डोळ्याला दिसतं ना, कुठे घासायचं ते. हाताला कळतं...”



बाहेर नारळाची झावळ पडली. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

“कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणत होतीस.”

“हो.”

“एकाने ठेवला.”

“कुणी?”

“मशीनने.”

शालनला हसावं की रडावं कळेना. मशीन सरळ, तर दारं वाकडी कशी? गुण्या वाकडा, तर जुनी दारं सरळ कशी? तिने एक धरलं की दुसरं निसटत होतं. उकडत्या भातासारखं डोकं खदखदत होतं.

“कंपनीचा गुण्या कुठाय?” बाबल मेस्त्रींनी विचारलं.

“मशीनच्या खोक्यात. फेकलाय माळ्यावर.”

“काढ. आधी त्याचीही परीक्षा घे. मग पट्टी लाव. मशीन सांगितलं तेवढंच कापतं, तुझ्यासारखं डोळ्याने सावरून घेत नाही. सोमवारला चार दिवस आहेत.”

एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला. शालनने गुण्या दिला. तिला वाटलं, आता ते तो ठोकून सरळ करतील, किंवा निदान कपाळाला तरी लावतील.

बाबल मेस्त्री खाली बसले, सूप ओढलं आणि गुण्याच्या पोलादी पट्टीने आमसोलं उलटायला लागले.

“काका! अहो, दसऱ्याला पूजा करते मी त्याची!”

“याला हे काम बरं जमतं.”

लाल रस पट्टीवरून शिसवी मुठीपर्यंत ओघळला. शालनला वाटलं, कुणीतरी तिच्याच थोबाडीत मारली.



मग तिनेच विचारलं. ओरडणं संपलं होतं.

“हा कधी बिघडला असेल हो? एकदा माझ्या हातून पडला होता फरशीवर. की... की तुम्ही दिलात तेव्हाच असा होता?”

बाबल मेस्त्रींनी एक आमसूल उलटलं. मग दुसरं.

“काका, तुम्हाला माहीत होतं?”

तिसरं उलटलं.

“नका सांगू. पण सोमवारी कमिटी विचारील, तीन कपाटं वाया गेली ती कुणाच्या चुकीने? नंदूही असेल तिथे, कान टवकारून. मी सांगते, शालन चुकली. माझ्याच हातून पडला होता.”

“तू माझं ऐकलंस. ऐकणाऱ्याची चूक नसते.”

“मग कंपनीचं नाव घेऊ?”

“त्यांनी सरळ दिलं होतं.”

“मग कुणाचं नाव घेऊ, काका? कुणाचं तरी घ्यायला लागेलच ना!”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आणि सबंध दुपारभरात पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

“बाबल मेस्त्री.”