सांडलेल्या पाण्याचं रडणं

हातातला पेला आधी खाली ठेवा पाहू, मगच ऐका. सगुणा ही भिकाजी गुरवाची पोर. घरात खायला चिमूटभर आणि प्यायला त्याहून कमी. पाळण्यातल्या तान्ह्या भावाला तर रडायलासुद्धा जोर उरला नव्हता. गावच्या बारवेत शेवटचं गुडघाभर पाणी होतं, आणि उद्या तेही उपसून देव कोंडायचा ठरला होता! म्हणजे गाभारा भरून महादेवाची पिंड पाण्यात बुडवायची. देव गुदमरला की पाऊस पाडतो म्हणे.

भर दुपारी बारवेत उतरू नये, तिथे आसरा असतात, पाण्यातल्या पऱ्या. तरी सगुणा उतरली, भावासाठी वाटीभर पाणी आणायला. वाटी भरून वळते तर पायरीवर एक इवलीशी परी! पोपटी लुगडं, चमचमत्या हिरव्या बांगड्या, आणि पावलांच्या जागी नुसता भेगाळलेला गाळ. सगुणाची बोबडीच वळली. पण परीचे ओठ सुकलेले पाहून तिला राहवेना.

"आधी तू पी गं," ती वाटी पुढे करत म्हणाली.

परी प्यायली नाही. "माझ्या सहा बहिणी सुकून गेल्या," ती कुजबुजली. "एक इच्छा माग, पोरी. पाणी मात्र मागू नकोस, ते माझ्याकडे नाही. आणि मागशील ते आधी तुझ्याच घरावर येईल."

सगुणाला भीती वाटली, फार वाटली. तरी ती म्हणाली, "जे पाणी वाया जाईल, ते ज्याला प्यायला मिळायचं होतं त्याच्या आवाजात रडू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाच्या आबांनी, भिकाजीनं, पिंडीवर पहिली घागर ओतली. पाणी वाहून मोरीत गेलं, आणि मोरीतून तान्ह्या बाळाचं रडणं आलं. त्यांच्याच बाळाचं! अख्खं देऊळ गारठलं.

तेवढ्यात शेजारच्या दर्ग्यातले हसनचाचा धापा टाकत आले. "भिकाजी, आमच्या हौदाची मोरीपण रडतेय रे! मी सगळ्यांना सांगून आलो, आजपासून नमाजाआधी पाण्यानं वजू करण्याऐवजी स्वच्छ मातीवर हात फिरवा. पाणी नसलं की आमच्यात चालतं. तुझ्या देवाला चालेल का?"

 आबांनी पिंडीवर बेलाचं एक कोरडं पान ठेवलं.

"देवा," ते रडत म्हणाले, "आज तू तहानलेला राहा."

दुसरी घागर त्यांनी पाळण्याकडे नेली. बाकीचं पाणी हसनचाचांनी आणि त्यांनी मिळून दारोदार वाटलं, तांब्या तांब्यानं. बाळ चुटुचुटु प्यायलं, आणि त्याच क्षणी बारवेत हिरवा लखलखाट झाला. परी त्या उजेडात विरून गेली. ती बसली होती त्या पायरीखालून बोटभर झरा वाहू लागला.

आणि देव? देवानं मुळीच राग धरला नाही.