जावेला खेटून

फार पूर्वी एका ओसाड माळावर दोनच टिटव्या राहत होत्या, एकमेकींच्या जावा.

अंडी घालायची वेळ आली तशी धाकटी नवी जागा शोधू लागली. पाण्याजवळची पाहिली, उंचवट्यावरची पाहिली. पण मन सारखं थोरलीच्या खड्यांतल्या घरट्याकडे. तिलाच बरी अशी जागा सापडते! शेवटी तिने थोरलीला खेटूनच अंडी घातली.

"अगं, अख्खा माळ मोकळा पडलाय," थोरली म्हणाली.

"का? ही जागा काय तुम्ही माहेराहून आणलीत?" धाकटी कडाडली.

दोघींची जुंपली. खड्यांत मिसळलेली अंडी मुंगसाला एरवी दिसली नसती. हा कालवा ऐकून ते सरळ तिथेच आलं.

मुंगूस पोटभर खाऊन गेल्यावर धाकटीने आधी थोरलीच्या घरट्यात डोकावून पाहिलं, तिचं एखादं उरलं तर नाही ना!